कुकरचं दावं

सिद्धनाथ मरगळ्यांनी हात लावलेलं जनावर मरत नाही, अशी मुळशी धरणाच्या अंगाला त्यांची ख्याती होती. ती पसरवण्यात खुद्द सिद्धनाथांचा हातभार मोठा होता, हे खरं. पण शेळीच्या पोटात आडवं आलेलं करडू बाहेर काढावं ते त्यांनीच, आणि पोट फुगून पडलेली मेंढी उठवावी तीही त्यांनीच. मेलेली जनावरं ते मोजत नसत. "ते म्या हात लावायच्या आदीच गेलं हुतं," असं ते सांगत, आणि धनगरवाड्यावरची माणसं मान डोलवत. उद्या आपली शेळी अडली तर जायचं कुणाच्या दारात?

सगळे त्यांना आबा म्हणत. साठी उलटलेली, आवाज डोंगर ओलांडून जाणारा, आणि स्वभाव असा की रस्ता चुकला तरी कुणाला विचारायचं नाही. चुकलेल्या गावालाच जाऊन यायचं आणि म्हणायचं, हितंच काम हुतं. चाळीसेक शेळ्या होत्या, पाच-सहा मेंढ्या होत्या आणि लेंडीखताचा जोडधंदा होता. भूगावात पूर्वी ज्या रानात त्यांच्या मेंढ्या बसायच्या तिथं आता बंगले बसले होते, आणि बंगल्यांच्या गच्चीवरच्या गुलाबांना लेंडी हवी होती. मेंढ्या जे जागच्या जागी टाकून जायच्या ते आता आबा पोत्यात भरून एस्टीनं पोचवत.

आबांची सून सोनिया. मुलगा पुण्यात कामाला, पंधरवड्यातून एकदा घरी यायचा. लग्न ठरलं तेव्हा तिच्या बापानं, बहिरू ढेब्यानं, एकच गोष्ट मागितली होती. पोरगी मराठी टायपिंगच्या सरकारी परीक्षेला बसलीय, तेवढी तिला पास होऊ द्या. आबांनी बिरोबाच्या देवळात भंडारा उचलून चार माणसांत शब्द दिला. पहिल्या खेपेला सोनिया नापास झाली. पौडाच्या क्लासात संगणक दोन आणि पोरी बारा. एस्टीनं जाऊन-येऊन वाट्याला यायचा अर्धा तास. दुसरी खेप दीड महिन्यावर आली होती. बहिरूनं फोनवर काही विचारलं नाही, आणि न विचारणंच आबांना जास्त लागलं.

एका सकाळी आबा शेळ्या सोडायला उठले तर सोनिया ओट्यावर बसून पुठ्ठ्यावर बोटं आपटत होती. बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर पेनानं चौकोन आखलेले, चौकोनात अक्षरं. ती समोरच्या पुस्तकात बघून पुठ्ठ्यावर पत्र टाइप करत होती, आणि चुकली की स्वतःशीच जीभ चावत होती. पुठ्ठ्यावर चूक झालेली तिला कशी कळत होती, देव जाणे. आबा तसेच शेळ्या सोडायला गेले. त्या दिवशी त्यांनी कुणाशीच भांडण केलं नाही, तेव्हा त्यांची बायको तानूबाई हिनं ओळखलं की काहीतरी शिजतंय.

भूगावातल्या गिऱ्हाइकांत मृण्मयी नावाची एक बाई होती. हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत नोकरी, गच्चीत सत्तावीस गुलाब. आबांनी तिच्यापुढं लेंडीचं पोतं ठेवलं आणि सरळ विचारलं, जुनापाना संगणक कुणाकडं असतो का. मृण्मयीनं हातातली झारी खाली ठेवली. मग म्हणाली की तिच्या बाबांचा आहे. बाबा मागच्या वर्षी गेले. त्यातले फोटो तिनं काढून घेतले, पण यंत्र टाकून द्यायला हात होत नव्हता. फक्त एक होतं. त्याच्यातली मूळची सिस्टीम आता चालेनाशी झाली होती आणि नवी त्या म्हाताऱ्या यंत्राला झेपणार नव्हती. तिच्या जागी लिनक्स नावाची दुसरी टाकावी लागेल. ती हलकी असते, मराठीत चालते आणि फुकट मिळते.

फुकट म्हटल्यावर आबांचे कान टवकारले. धर्माची गाय आणि दात का नाय, असं विचारू नये हे त्यांना ठाऊक होतं, पण गाय कुणाची हे तरी विचारायला हरकत नव्हती.

"कुणाचीच नाही काका," मृण्मयी म्हणाली. "जगभरच्या लोकांनी मिळून केलीय. कुणीही घ्यावी, वापरावी, काही मोडलं असेल तर सुधारावी, पुढे द्यावी. फक्त माझी एकट्याची म्हणून कुणाला तिला कुंपण घालता येत नाही."

"म्हंजी गायरान," आबा म्हणाले.

मृण्मयीला गायरान समजावून सांगावं लागलं. गावाची चरायची जमीन, मालक कुणी नाही, राखायची सगळ्यांनी. ऐकून ती हसली आणि म्हणाली की कंपनीत तीन तासांच्या मीटिंगमध्ये हे इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. आबा म्हणाले, "आमचं गायरान तेवढं ऱ्हायलं न्हाई ताई. रिसॉर्टवाल्यानं तार मारली." ते हे हसत म्हणाले, पण हसू अर्ध्यातच संपलं.

मृण्मयीनं एक पेन ड्राइव्ह दिला, त्यात ते सगळं गायरान मावलेलं होतं. रविवारी फोनवरून करून घेऊ म्हणाली आणि ऑफिसचा फोन वाजला म्हणून आत गेली. संगणक आबांनी एकट्यानंच पोत्यात भरला. आणि इथंच त्यांच्याकडून ती गोष्ट झाली, जी धनगर सोडून दुसऱ्या कुणाकडूनही झाली नसती.

जनावर विकत घेतलं तरी त्याच्या गळ्यातलं दावं घ्यायचं नसतं. जनावर घेणाऱ्याचं, दावं देणाऱ्याचं. दावं सोबत गेलं तर देणाऱ्याच्या घरची बरकत त्याच्यामागं चालत जाते, म्हणून घेणारा आपलं दावं घरून आणतो. आबा फुकट काही घेत नसत. त्या बदल्यात लेंडीचं एक पोतं त्यांनी जास्तीचं ठेवलं होतं. म्हणजे सौदा झाला होता. आणि संगणक भिंतीला एका काळ्या वायरीनं बांधलेला होता. पडद्यालाही वायर होती, पण ती त्याच्या अंगातूनच आलेली, शेपटीसारखी. शेपूट काही कुणी काढून ठेवत नाही. संगणकाच्या डब्याची वायर मात्र ओढल्याबरोबर सुटून हातात आली. ज्या घरातलं वडीलधारं माणूस नुकतंच गेलंय, त्या घराचं दावं न्यायचं पाप आबांकडून होणार नव्हतं. त्यांनी वायरीची नीट वेटोळी केली, बटव्यातला चिमूटभर भंडारा लावला, दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि समाधानानं पोतं खांद्यावर घेतलं. कंडक्टरनं पोत्यात काय म्हणून विचारलं तर म्हणाले, म्हातारं जनावर हाय, चावत न्हाई.

घरी सोनियानं सगळं भराभर जोडलं. क्लासात जोडणी शिकवली होती. तानूबाईनं कुंकू लावलं. मग सोनिया पोत्यात वाकून बघू लागली, पोतं उलटं करून झटकलं, आणि हळूच म्हणाली, "आबा, वायर?"

"दावं व्हय? ते मालकाकडं ठिवलं."

सोनियानं पदर तोंडाला लावला. ती हसते की रडते हे आबांना कळेना. डब्याच्या पाठीत तीन काड्यांचं भोक रिकामं होतं आणि भिंतीत तीन भोकांचा प्लग रिकामा होता, आणि मध्ये हातभर अंतर होतं. आपण काय केलं हे आबांच्या लक्षात आलं. पण चूक कबूल करायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती. "आपलं दावं आपुन बांधायचं," असं म्हणून त्यांनी घरात वायर शोधायला सुरुवात केली. मिक्सरची वायर मिक्सरमधूनच आलेली. टेबलफॅनची तशीच. शेवटी फळीवर तानूबाईचा भाताचा कुकर सापडला, विजेवरचा. सरपंचीणबाईंच्या हळदीकुंकवात चिठ्ठी निघून तानूबाईला बक्षीस मिळालेला. आयुष्यात तिला मिळालेलं ते पहिलं बक्षीस, म्हणून रोज भात झाला की ती तो पुसून परत खोक्यात ठेवायची. त्याची वायर सुटी होती. आबांनी ती डब्याच्या भोकात घातली आणि ती खटकन बसली, आणि डबा घरघरला.

"सांगितलं न्हवतं?" आबा म्हणाले. त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं.

तानूबाईनं एकच अट घातली: भात लावायच्या वेळी तिची वायर तिला मिळाली पाहिजे. आबांनी ती मान हलवून मान्य केली आणि विसरून गेले.

रविवार उजाडला. वाड्यावर फोनला रेंज नाही. रेंज मिळते ती घरामागच्या चढावर, एका मोठ्या खडकावर उभं राहिल्यावर. मग ठरलं असं की आबांनी फोन कानाला लावून खडकावर उभं राहायचं, मृण्मयी सांगेल ते ओरडून खाली पोचवायचं आणि सोनियानं ते करायचं. प्रत्येक वेळी ओरडून घसा बसेल म्हणून आबांनी खूण ठरवली. पुढं जायचं असेल तर एक लांब शीळ.

सुरुवात झकास झाली. संगणकानं भाषा विचारली, सोनियानं मराठी दाबलं आणि पडदा मराठीत बोलायला लागला. तिनं खालून ओरडून सांगितलं तेव्हा आबांनी खडकावरच भंडारा उधळला. मग पडद्यानं जगाचा नकाशा काढून तुम्ही कुठं राहता म्हणून विचारलं आणि उत्तराला फक्त कोलकाता ठेवलं. आबांना हे पटेना. मुळशीचं धरण एवढं मोठं, वरून दिसत कसं नाही, असा त्यांनी मृण्मयीशी वाद घातला. शेवटी घड्याळापुरतं कोलकात्यात राहायला त्यांनी परवानगी दिली. संगणकाचं नाव विचारलं तेव्हा त्यांनी रंग बघून नाव ठेवलं, काळी. मग पासवर्डची वेळ आली. मृण्मयीनं बजावलं की हा शब्द कुणालाही कळता कामा नये. आबांनी छाती भरून घेतली आणि सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात खाली सांगितलं की हा शब्द कुणाला कळू देऊ नको, आणि लगेच तो शब्दही सांगितला. धरणाकाठच्या रिसॉर्टात सुट्टीला आलेल्या पाहुण्यांनी माना वर करून पाहिलं.

शेवटी डिस्क पुसून नवीन टाकू का, असं विचारलं. मृण्मयी हो म्हणाली. आबांनी लांब शीळ घातली. सोनियानं बटण दाबलं आणि पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. आता अर्धा तास कुणी काही करायचं नाही, नुसतं चालू द्यायचं, असं मृण्मयीचं सांगणं होतं.

पण त्या शिळा नुसत्या सोनियानंच ऐकल्या नव्हत्या. आबांची लांब शीळ म्हणजे घरी चला. सकाळपासून सात-आठ शिळा झाल्या होत्या आणि समोरच्या टेकडीवर चरणाऱ्या चाळीस शेळ्यांना, आज सकाळीच संध्याकाळ का झाली, हा प्रश्न पडला असला तरी धन्याचा शब्द त्यांनी मोडला नाही. अकराच्या सुमाराला सगळा कळप अंगणात येऊन ठेपला. सोनियानं वाळत घातलेल्या डाळीत त्या तोंड घालू लागल्या तशी ती पडदा सोडून बाहेर धावली. आबा खडकावरून ओरडत उतरू लागले. आणि नेमक्या त्याच वेळी तानूबाई रानातून आली, भात लावायची वेळ झाली म्हणून आत गेली. बघते तर पडदा काळाकुट्ट. कुणी हात लावत नाही असं बघून तो आपोआप झोपी गेला होता, हे तिला कुठून कळावं? काम झालेलं दिसतंय, असं म्हणून तिनं वायर उपसली आणि कुकर लावला.

भात छान झाला. संगणक मेला. परत वायर लावल्यावर पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत एक ओळ आली आणि थांबली. सोनियानं ती वाचून मराठीत सांगितली, आत चालवायला काहीच नाही म्हणतोय.

आबा त्याच्याजवळ उकिडवे बसले. डब्याच्या पाठीवर हात ठेवून गरम आहे का बघितलं. हात लावलेलं जनावर पहिल्यांदाच डोळ्यांदेखत गेलं होतं, आणि ते आधीच गेलं होतं असं म्हणायची सोय नव्हती, कारण सगळ्या खोऱ्यानं ऐकलं होतं. तानूबाई चुलीपाशी बसून राहिली. तो भात त्या दुपारी कुणी खाल्ला नाही. सोनियानं फळीवरून पुठ्ठा काढला, ओट्यावर बसली आणि पुस्तक उघडून पुठ्ठ्यावर बोटं चालवायला लागली. तो पुठ्ठ्याचा टकटक आवाज आबांना ऐकवेना. ते उठून परत खडकावर गेले.

"ताई, मरून गेलं," ते फोनवर म्हणाले. "शब्द दिला हुता म्या. पोरीच्या बापाला."

मृण्मयीनं सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, "पेन ड्राइव्ह आहे ना? मग मेलं कुठं? पुन्हा पहिल्यापासून टाका. शंभर वेळा टाकलं तरी चालतं, त्यात कमी काही होत नाही." आबांना एवढंच कळलं की गायरान तिथंच आहे आणि गवतही आहे. त्यांच्या जिवात जीव आला.

मग ती म्हणाली की वायर का काढावी लागली हे काही तिला कळलं नाही. आबांनी घसा खाकरला. चूक कबूल करायची वेळ आलीच होती. त्यांनी दाव्याचं सगळं सांगितलं.

"ती तुम्ही ठेवलीत?" मृण्मयी म्हणाली. "हळद लावलेली वायर दारामागे लटकतेय बघून कामाच्या मावशी म्हणाल्या, कुणीतरी करणी केलीय. चार दिवस आम्ही त्या दाराला हात लावला नाही. मी मागच्या दारानं ऑफिसला जातेय." आणि ती हसायला लागली. वायर पाठवून देऊ का, असं तिनं विचारलं. आबा नको म्हणाले. "मग राहू दे," ती म्हणाली. "बाबांची आहे. राहू दे त्या खिळ्यालाच."

दुसऱ्या खेपेला शेळ्या आधी कोंडल्या. शीळ बंद केली. आबांनी खडकावरून टॉवेल हलवायचा असं ठरलं. आणि निळी पट्टी सरकायला लागली तेव्हा तानूबाई भिंतीला पाठ लावून, प्लगपाशी मांडी घालून बसली. कुणी जवळ आलं तर ती नुसती बघायची. आबा आत डोकावले तर त्यांनाही तिनं हातानंच लांब केलं. पट्टी संपली, संगणक बंद पडून परत उठला आणि पडद्यावर "स्वागत आहे" असं आलं. सोनियानं पहिलं वाक्य काय टाइप करावं? पुस्तकातलंच केलं, महोदय, आपले पत्र मिळाले. तानूबाईला वाचता येत नव्हतं, पण अक्षरं उमटताना बघून तिनं डोळे पुसले.

त्यानंतर परीक्षेपर्यंत सोनिया सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास बसायची. वायर एकच होती. पौडाला गेल्यावर नवी आणतो, असं आबा दर आठवड्याला म्हणायचे आणि घरात दावं असताना विकत कोण घेतं, असं म्हणत रिकाम्या हातांनी परत यायचे. तानूबाईनं एकदाही वायर मागितली नाही. कुकर खोक्यात गेला आणि भात पुन्हा चुलीवर, धुरात.

सोनिया पास झाली. निकाल तिनं खडकावर उभं राहून फोनवर बघितला आणि तिथूनच ओरडून सांगितला. तिचाही आवाज आता डोंगर ओलांडत होता. बहिरू ढेबे पेढे घेऊन आला आणि आबांना मिठी मारून गेला. पावसाळा सरता सरता तिला पौडात एका वकिलाच्या कचेरीत टायपिंगचं काम मिळालं. घरची काळी कोपऱ्यात निवांत बसली, वायर पाठीत तशीच. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला तिचं झाकण काढून दाखवायचे आणि म्हणायचे, एकदा मेली हुती, म्या उटवली.

मग एक दिवस खालच्या कातकरी वस्तीवरची फुलाबाई आली. दारात उभी राहिली, आत यायला तयार होईना. तिची पोरगी मोनाली त्याच परीक्षेला बसणार होती आणि ती दगडावर कोळशानं अक्षरं काढून बोटं आपटत होती, असं सोनियानं सांगितलं. फुलाबाई काही मागत नव्हती. नुसतं, तुमचं झालं असंल तर बघा, एवढंच म्हणाली.

आबांनी काळीला पोत्यात घातलं. पेन ड्राइव्ह बटव्यातून काढून दिला आणि सांगितलं की हे गायरान हाय, संपत न्हाई. मग रीतीप्रमाणे त्यांनी वायर काढली, वेटोळी केली, भंडारा लावला आणि तानूबाईच्या हातात दिली. दावं घरात राहायला हवं. शिवाय ते तिचंच होतं, आणि इतक्या महिन्यांनी तिचा कुकर लागणार होता.

तानूबाईनं वायर हातात धरून फुलाबाईकडं बघितलं. फुलाबाईच्या वस्तीवर दिव्यापुरती वीज होती, पण वायर काढून घ्यावी असा कुकर नव्हता, मिक्सरही नव्हता.

"आवं, दावं दिलं तर बरकत जाती म्हनं," ती आबांना म्हणाली. "पर गायरानाला दावं कसलं वो?"

आणि तिनं वायर पोत्यात घातली, पोत्याचं तोंड स्वतः बांधलं आणि फुलाबाईच्या डोक्यावर चढवून दिलं. आबांनी बटवा काढला आणि पोत्यावर चिमूटभर भंडारा टाकला. तानूबाई आत गेली, चुलीत लाकूड सारलं आणि भाताचं आधण ठेवलं.